आठ नंबरचा पट्टा

ताईचा फोन आला तेव्हा मी गुडघाभर चिखलात होते आणि माझा डावा बूट खाली कुठेतरी राहिला होता. अशा वेळी माणसाने फोन उचलू नये. पण ताई न उचललेला फोन सोडून देत नाही, उचलेपर्यंत करत राहते, म्हणून उचलला. तिचं म्हणणं एवढंच होतं, की बारकीला कॉलेजतर्फे आठ आठवड्यांची इंटर्नशिप करायची आहे, तीही खारफुटीवर, आणि सख्खी मावशी त्याच कामात असताना पोरीने परक्याच्या दारात कशाला जायचं. मी म्हटलं, इथे चिखल आहे, डास आहेत, डोकं तापवणारं ऊन आहे. ताई म्हणाली, मग तू कशी जगलीस इतकी वर्षं? यावर काय बोलणार. आमच्या ताईशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

तसं मला इंटर्न मुलांचं नवल नाही. दरवर्षी येतात. आमचं केंद्र खाडीच्या तोंडाशी आहे, पत्र्याच्या दोन खोल्या, एक रोपवाटिका, एक होडी, आणि खाडीकाठच्या जुन्या मिठागरांच्या जागी पुन्हा खारफुटी उभी करायची हे काम. मुलं येतात, पहिल्या दिवशी चिखलात पाय घालून किंचाळतात, फोटो काढतात, आठवड्याने रडकुंडीला येतात आणि शेवटी प्रमाणपत्र घेऊन जातात. कांदळ म्हणजे लांब शेंगांची खारफुटी, तिच्या शेंगेचं टोक खाली खोचायचं असतं हे सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले, तरी दरवर्षी एक तरी शहाणा निघतोच, जो शंभर शेंगा उलट्या खोचून ठेवतो आणि वर विचारतो, यांना कोंब का येत नाहीत. माझं कागदावरचं पद रोपवाटिका पर्यवेक्षक असं भारदस्त आहे, पण केंद्राच्या साहेबांपासून पंपवाल्यापर्यंत सगळे मला मावशीच म्हणतात. सगळ्या जगाची मावशी झाल्यावर खऱ्या भाचीसाठी अंगात किती जीव उरतो, हे ज्याचं त्याला कळतं.

बारकी आली. पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी, हातात पट्टी, दोरी, दोन वह्या, तीन रंगांची पेनं. माझ्याच घरात राहायची होती. चपला काढायच्या आधी तिने विचारलं, की खाडी इकडे आहे तर घराचं दार तिकडे का. आमचे हे होडी चालवतात आणि दिवसाला मोजून दहा शब्द बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यातला एक शब्द खर्च केला. म्हणाले, "झालं."

झालंच. पोरगी कामसू होती, यात वाद नाही. सांगितलेलं काम एकदाही टाळलं नाही, उन्हाची तक्रार नाही, चिखलाची नाही. पण तोंड म्हणजे न थांबणारी चक्की. पिशवीत माती एवढीच का? गोड्या पाण्यात वाढवलेली रोपं खाऱ्यात गेल्यावर दचकत नाहीत का? हे मुळ्यांचे खुंटे वर का येतात? ते श्वासासाठी असतात तर बुडाल्यावर कसं करतात? एकाचं उत्तर द्यावं तर त्यातून चार निघायचे. तेवीस वर्षं मी या चिखलात काम करतेय, पण शिकले ती हाताने, पुस्तकाने नाही. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला माहीत नव्हती, आणि माहीत नाही हे रोज दहा वेळा एका वीस वर्षांच्या पोरीपुढे कबूल करायचं म्हणजे कानकोंडं होतं. मग मी चिडायचे. चिडलं की उत्तर द्यावं लागत नाही, ही सोय असते.

आता आठ नंबरचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथलाच. आमच्याकडे जुन्या मिठागरांच्या जमिनीचे आठ पट्टे आहेत. एक ते सात यांत आम्ही कांदळाची रोपं लावलेली, प्रत्येक रोपाच्या गळ्यात पिवळा टॅग, त्यावर आकडा. कुठलं किती वाढलं, किती मेलं, याची दर महिन्याला मोजणी. भरतीच्या पाण्याबरोबर इकडूनतिकडून तिवराचं, म्हणजे दुसऱ्या जातीच्या खारफुटीचं, बी वाहत येतं आणि या पट्ट्यांत मध्येच रुजतं. ते मोजणीत नको म्हणून उपटून टाकायचं, असा नियम. टॅग आहे ते आपलं, टॅग नाही ते उपट. पहिल्या दिवशी प्रत्येक इंटर्नला मी हे पाठ करून घेते.

आठ नंबर मात्र वेगळा. तिथे आम्ही तीन वर्षं काहीच लावलेलं नव्हतं, आणि ते माझ्या सांगण्यावरून. तीन वर्षांपूर्वी तिथे दोनदा रोपं लावून दोन्ही वेळा मेली, तेव्हा मी साहेबांना म्हटलं होतं, की अहो, पाणीच आत येत नाही तर रोपं जगतील कशी? मिठागराचा जुना बांध दोन ठिकाणी फोडा, भरती-ओहोटी मोकळी होऊ द्या आणि गप्प बसा. खाडीला कळतं काय कुठे उगवायचं. सगळे हसले होते. काहीही न करण्यासाठी मंजुरी मागणारी मी पहिलीच, असं खाडीकाठच्या जागा कुणाला द्यायच्या ते ठरवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले होते. हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनियर, ज्यांना सरळ रेघ दिसली नाही की अस्वस्थ वाटतं. पण साहेबांनी माझा शब्द धरला आणि तीन वर्षांची मुदत मिळाली. तीन वर्षांत आठ नंबरमध्ये आपोआप रोपं आलेली दिसली तर पट्टा आमच्याकडे राहणार. नाहीतर बंदर खातं टपून बसलेलंच होतं. त्यांना तिथे भराव टाकून ट्रक उभे करायला जागा हवी होती.

पहिल्या वर्षी नुसतं शेवाळ. दुसऱ्या वर्षी थोडी आली आणि गेली. तिसऱ्या वर्षी मात्र तिवराची रोपं धरली. वेडीवाकडी, कुठे पाच एकत्र, कुठे एकटंच, पण चार-चार, सहा-सहा पानांची, घट्ट. मी रोज ओहोटीला जाऊन बघून यायचे. आयुष्यात मी पुष्कळ बडबड केली, पण ऐकला गेला तो माझा एकच शब्द, आणि तो तिथे चिखलात हिरवा होऊन उभा होता. तिथे एखादी पाटी लावा असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. जिथे आपण काही करतच नाही तिथे पाटी कसली लावायची? इंटर्न मुलांना सांगायचंही कधी सुचलं नाही.

मुदत संपली म्हणून कमिटी पट्टे बघायला यायच्या आदल्या दिवशी सगळंच एकदम अंगावर आलं. रोपवाटिकेचा गोड्या पाण्याचा पंप बसला. साहेब अहवालाच्या मागे. बाकीची दोन इंटर्न मुलं तापाने आडवी. मी पंपाची मोटार खांद्यावर टाकून बाजारात निघाले, तेवढ्यात बारकी वही घेऊन मागे. कुठले पट्टे साफ करायचे, कोपरे मोजायचे का, बांधाच्या बाजूचं धरायचं का. मला ओरडायचं नव्हतं. पण ओरडले. म्हटलं, "सगळे पट्टे साफ झाले पाहिजेत. टॅग नाही ते उपटायचं, संपलं. आज एक जरी प्रश्न विचारलास तर संध्याकाळच्या गाडीने आईकडे पाठवीन."

तिने वही मिटली.

पंपवाल्याच्या दुकानात तीन तास गेले. तो म्हणे कॉइल जळलं, मी म्हणे गेल्या महिन्यातच तूच भरलंस ना? भांडण रंगात आलं असताना फोन वाजला. बारकी. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पंपवाल्यासमोर मोठ्याने म्हटलं, की या पोरीला श्वास घेऊ का, हेसुद्धा विचारायचं असेल. तो हसला. मी फोन बंद करून पिशवीत टाकला.

चारच्या सुमारास परतले, मोटार बसवली, पाणी सुरू झालं आणि जरा बरं वाटलं. म्हटलं, जाऊन उद्याची तयारी बघावी. एक ते सात स्वच्छ, टॅग पुसलेले, शेवाळ काढलेलं. मनात आलं, पोरीने काम चोख केलंय, घरी जाऊन दोन शब्द बरे बोलूया. मग बांधावरून पलीकडे बघितलं.

आठ नंबर साफ होता. पार साफ. सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत चिखल, त्यावर तिच्या बुटांचे ठसे आणि बारीक बारीक भोकं. एकही रोप नव्हतं.

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ते त्या दिवशी मला कळलं. मी तिथून ओरडतच रोपवाटिकेत आले. बारकी सावलीत बसून ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळत होती. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जेवढं आठवतं तेवढंही सांगावंसं वाटत नाही. शिकलेली गाढवं म्हटलं. तुझ्या त्या वह्या खाडीत फेकून दे म्हटलं. डोळे होते ना, मग एक टॅग नाही पट्ट्यात हे दिसलं नाही का, एवढं कसं कळलं नाही, का नाही विचारलंस?

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं. पण गेलेलं वाक्य परत घेता येत नाही, आणि मी घेतलंही नाही. मी तीन वेळा फोन केला होता, असं बारकी म्हणू शकली असती. म्हणाली नाही. नुसती गोणपाटाची कड घट्ट धरून बसली होती.

त्या संध्याकाळी साहेबांना सांगायला हवं होतं. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ते अहवालाची पानं लावत होते, आठ नंबरसाठी वेगळं पान केलं होतं आणि त्यावर माझं नाव घातलं होतं. जीभ उचलेना. म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी उठले तर बारकीचं अंथरूण घडी घातलेलं. ह्यांना विचारलं. म्हणाले, "पाचला गेली. दोरी घेऊन." दोरी कशाला हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मलाही विचार करायला फुरसत नव्हती. पाहुण्यांसाठी बूट काढायचे, होडी धुवायची, बांधावरच्या फळ्या घालायच्या. साहेब एकटे सापडलेच नाहीत. साडेसातला, भरतीचं पाणी चढायच्या आत, कमिटी आली. अध्यक्ष, त्यांच्यामागे दोघं, त्यांच्यामागे वही घेतलेला कारकून. एक ते सात बघून झाले. अध्यक्ष जांभई देत होते. मी मनाशी वाक्य जुळवत चालले होते, की साहेब, आठ नंबरमध्ये आज काही दिसणार नाही, पण काल सकाळपर्यंत होतं. असलं वाक्य कोण मानणार? वरातीमागून घोडं.

बांध चढलो आणि माझे पाय तिथेच थांबले.

आठ नंबरमध्ये रोपं उभी होती. सगळीच्या सगळी. बारकीने ती फेकली नव्हती, ओल्या गोणपाटात जपली होती, आणि पहाटेच्या ओहोटीला एकेक करून परत लावली होती. आणि बारकीच ती. दोरी ताणून, पट्टी लावून, एक फुटाच्या अंतराने, सरळ रांगेत. रांगेशेजारी रांग. शाळेतली पोरं कवायतीला उभी असावीत तशी. खाडीने जन्मात कधी अशी रोपं लावली नसतील. ती स्वतः टोकाला उभी होती, कोपरापर्यंत चिखल, ओठ पांढरे.

मला वाटलं, आता अध्यक्ष विचारणार, की तुम्ही तर काही लावणार नव्हता ना? आणि मी सांगणार. खरंच सांगणार होते. पण अध्यक्षांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदाच उजळला. ते म्हणाले, वा, याला म्हणतात काम. ते आपोआपचं खूळ सोडलंत हे फार बरं केलंत, माणसाचा हात लागल्याशिवाय काही उभं राहत नसतं, आता बघा कशी शिस्तीत आलीयेत. कारकुनाला म्हणाले, लिहा, पट्टा केंद्राकडेच राहील, आणि पुढच्या वर्षी सगळा दक्षिण काठ असाच रांगेत लावून घ्या.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी चिखलाकडे. मग अध्यक्षांनी बारकीकडे बोट करून विचारलं, ही रोपं कुणी लावली, या मुलीने?

बारकीने माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. एवढं स्पष्ट मी कुणाच्या चेहऱ्यावर कधी वाचलं नव्हतं. पोरीला खरं बोलायचं होतं आणि मी होकार दिला असता तर ती त्याच क्षणी बोलली असती. पण पट्टा वाचला होता. ट्रक येणार नव्हते. तीन वर्षं वाचली होती.

"हो," मी म्हटलं, "तिनेच लावली."

खोटं नव्हतंच ते. अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी बोलून झाल्यावर तोंडात राख गेल्यासारखं झालं. अध्यक्षांनी बारकीची पाठ थोपटली आणि तिच्या प्रमाणपत्रावर खास शेरा द्या असं साहेबांना सांगितलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मावशी, सुंठीवाचून खोकला गेला ना? आता उगाच खोकू नका." साहेब वाईट माणूस नाही. त्यांनाही तो पट्टा हवा होता.

बारकीचे दोन आठवडे उरले होते. त्या दोन आठवड्यांत तिने मला एक प्रश्न विचारला नाही. सांगेन तेवढं करायची आणि झालं की बाजूला उभी राहायची. मला वाटलं होतं, ही गप्प बसली तर किती शांत वाटेल. कसली शांती? घरात जेवताना नुसता ताटांचा आवाज. मीच काहीबाही बोलून बघितलं, की बघ, ओहोटीला हे खेकडे बिळाच्या तोंडाशी गोळ्या का करतात माहीत आहे का. ती म्हणायची, नाही. आणि जेवत राहायची. विचारायची नाही, की का करतात.

रोपं तिसऱ्या दिवशी माना टाकायला लागली. उपटताना बारीक मुळं तुटलेली असतात, तिवर ते सोसत नाही. आठवडाभरात पानं काळी पडली. रांगा तेवढ्या सरळ राहिल्या. बारकी रोज ओहोटीला जाऊन ते बघून यायची. मी जाऊ नकोस म्हटलं नाही आणि बरोबरही गेले नाही. शेवटच्या दिवशी साहेबांनी खास शेऱ्याचं प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. गाडीत बसताना ती मला वाकून नमस्कार करून म्हणाली, "येते मावशी." बस्स.

महिन्याने ताईचा फोन. आवाज असा, की फोन कानापासून लांब धरावा लागला. बारकीने कॉलेजात जाऊन विषय बदलला होता. समुद्र नको, खाडी नको, झाडं नकोत, आता आकडेमोडीचं काहीतरी घेतलंय, जिथे चार भिंतींत बसून सांगितलेलं करायचं. लहानपणापासून जिला या सगळ्याचं वेड होतं ती पोरगी असं का करेल, तू केलंस तरी काय तिला? ताई म्हणाली, खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलली, की माझ्या हातून मावशीचा पट्टा मेला, चूक माझी एकटीची होती, आणि मी प्रश्न विचारते त्याचा सगळ्यांना त्रास होतो.

मी विचारलं, फोनबद्दल काही म्हणाली का ती?

"कसला फोन?" ताई म्हणाली.

पोरीने आईला सांगितलं नव्हतं. माझ्यामागे, माझ्या नकळत, स्वतःच्या आईपुढेसुद्धा ती मला सांभाळून घेत होती. आणि मी, पन्नाशीची बाई, तिच्या वीस वर्षांच्या खांद्याआड उभी राहून माझा पट्टा वाचवत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी ताईला सगळं सांगितलं. सकाळी काय बोलले, दुकानात तीन वेळा फोन कसा कापला, संध्याकाळी का नाही विचारलंस म्हणून तिलाच कसं झापलं, आणि अध्यक्षांपुढे कसं तोंड शिवलं. आमची ताई, जिला आजवर कुणी गप्प केलं नाही, ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

बरोबर होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या कार्यालयात गेले. साहेबांना सांगूनच गेले. ते म्हणाले, पुन्हा विचार करा, आणि मग दारापर्यंत सोडायला आले. अध्यक्षांनी बसा म्हटलं, मी उभ्यानेच सांगितलं. आपोआप आलेली रोपं होती, माझ्या हुकमाने उपटली गेली, ती परत रांगेत लावली, आता सगळी मेलीत. दक्षिण काठ तसा लावाल तर तोही मरेल. अध्यक्षांनी विचारलं, आधी आपोआप आली होती याचा पुरावा? फोटो? मोजणी? मी म्हटलं, नाही. रोज बघत होते, काढला नाही.

"मग मी कशावरून मानायचं?"

"मानू नका," मी म्हटलं, "पण लावलेली जगली असं लिहू नका."

ते चिडले. आपण कशाची वाहवा केली हे चारचौघांत परत घ्यायचं म्हणजे कुणालाही अवघडच. पण माणूस सरळ रेघेचा होता. त्यांनी फाइल मागवली, दक्षिण काठाचं कलम खोडलं, आणि मग पेन न उचलताच त्याच्या वरचं पट्ट्याचंही. म्हणाले, हात लागलेली चाचणी बाद धरावी लागते, पट्टा मला तुमच्याकडे ठेवता येणार नाही. नियम होता तो. मला आधीपासून माहीत होता.

"बरं," म्हटलं.

परत येताना रडले, उगाच कशाला लपवा. होडीत ह्यांनी बघितलं आणि वल्हं हळू केलं. बंदर खात्याची पाटी आठवड्याभरात लागली. पहिले दगड महिनाअखेरीला पडणार असं ठरलं.

बारकीला फोन मी केला. तीनदा केला. दोनदा तिने उचलला नाही, आणि ते योग्यच झालं. तिसऱ्यांदा उचलला. मी सांगितलं, की अध्यक्षांकडे गेले होते, सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही लेखी दिलं. पट्टा गेला. तुझ्यामुळे नाही, माझ्या तोंडामुळे. तू विचारत होतीस तेच बरोबर होतं, मला उत्तरं येत नव्हती म्हणून मी ओरडायचे. मला माफ कर, बारके.

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, ठेवला फोन. मग तिचा आवाज आला, जरा दबकतच.

"मावशी, भराव टाकतात तेव्हा खालचे खेकडे बाहेर येतात, की आतच राहतात?"

मला माहीत नव्हतं. इतके बांध आणि भराव बघितले, पण हे कधी थांबून बघितलं नव्हतं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "पहिला ट्रक येईल तेव्हा तिथे उभी राहीन. बघून सांगते."

"मी येऊ?" तिने विचारलं.